छताला दार

आत्या वाचली, आणि वाचल्यावर तिच्या तोंडून जे पहिलं वाक्य बाहेर पडलं त्यानं माझं डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. पाणी ओसरून कमरेपर्यंत आलं होतं. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी आहे. खाली बाबांचं पत्र्याचं वर्कशॉप आणि वर आम्ही, त्यामुळे आम्ही वरच्या मजल्यावर कोरडे राहिलो. आत्याचं घर गल्लीच्या पार शेवटी, खाडीला चिकटून, बैठं, एका खोलीचं. आदल्या दिवशी आई तिला वर घेऊन यायला गेली होती. "वारा काय मला उचलून नेणार आहे? माझ्या भावाचं छत आहे डोक्यावर," असं म्हणून आत्या दार लावून आत बसली. दुपारी पाणी इतक्या झपाट्यानं चढलं की बाबांना तिच्यापर्यंत पोहोचताच आलं नाही. कमरेला दोर बांधून दोनदा उतरले, दोन्ही वेळा लोंढ्यानं त्यांना आमच्याच भिंतीवर आणून आपटलं.

सकाळी बाबा आणि समोरचे सलूनवाले काका पहार घेऊन गेले आणि आत्याचं फुगून बसलेलं दार त्यांनी फोडलं. मी आईच्या हाताला हिसका देऊन त्यांच्या मागे. आत शिवणाचं मशीन आडवं पडलेलं, गिऱ्हाइकांचे कपडे चिखलात कालवलेले, आणि आत्या वर, छताखालच्या लोखंडी तुळईवर, घोड्यावर बसावं तशी बसलेली. कपाळ खरचटलेलं, हातांची सालं निघालेली, ओठ निळे. तिनं बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "धाकट्या, काय छत केलंस रे. एक पत्रा हलला नाही."

बाबा तिथंच पाण्यात उभे राहून हुंदके द्यायला लागले. काकांनी डोळे पुसले. मी वर बघत होते. पत्र्याला आतून ओरखडे होते. प्रत्येक बोल्टाभोवती गोल गोल, चकचकीत, ताजे ओरखडे. आत्याच्या कमरेला तिची कापड कापायची मोठी कात्री खोचलेली होती आणि तिची दोन्ही टोकं मोडलेली होती.

म्हणजे बघा, ही बाई रात्रभर आतून छत उघडायचा प्रयत्न करत होती. आणि ते उघडत नव्हतं, कारण ते माझ्या बाबांनी केलं होतं.

बाबांचं काम असं: पन्हळी पत्रा घ्यायचा, खालच्या लोखंडाला आकड्याचा बोल्ट अडकवायचा, तो पत्र्यातून वर काढायचा आणि बाहेरून रबराचा वॉशर घालून नट आवळायचा. सगळे नट वर, बाहेर. आत फक्त आकडे. इतर पत्रेवाले हात सैल सोडतात, बाबा सोडत नाहीत. दोन बोल्ट जिथं पुरतील तिथं ते चार मारतात, आणि मग पत्र्यावर उभे राहून नाचून दाखवतात. किनाऱ्यावरच्या सगळ्या वस्तीत त्यांना 'न उडणारे' म्हणतात. नाव नाही, आडनाव नाही, 'न उडणाऱ्यांना बोलवा'.

भिंतीवर चिखलाची रेघ उमटली होती. रेघ आणि छत यांच्यामध्ये एक डोकं मावेल एवढीच जागा होती. पाणी वीतभर जास्त चढलं असतं तर माझी आत्या, जगातल्या सगळ्यात भक्कम छताखाली, बंद डब्यात सापडलेल्या माशीसारखी मेली असती. ती रेघ सगळ्यांच्या नाकासमोर होती. कोणी बघितली? सगळे वर बघून मान डोलवत होते.

त्यानंतरचे दिवस तर विचारूच नका. गल्लीत एक मासेमारीची होडी सलूनच्या दारात येऊन बसली होती, काकांना रोज तिच्यावरून चढून दुकानात जावं लागायचं. विहिरीचं पाणी खारट झालं. झाडं उभीच होती, पण खाऱ्या पाण्यानं त्यांची पानं इस्त्री जळाल्यासारखी तपकिरी झाली होती. मागच्या वस्तीतली निम्मी छतं कुठं गेली कोणालाच माहीत नाही. आणि या सगळ्यात आमच्या वर्कशॉपपुढे रांग. प्रत्येकाला बाबांचंच छत पाहिजे. आत्या खुर्ची टाकून बाहेर बसायची आणि येईल त्याला तेच सांगायची, एक पत्रा हलला नाही. चालती बोलती जाहिरात. मी एकदा तिला विचारलं की कात्रीनं काय करत होतीस मग. ती म्हणाली, "टाइमपास."

आत्या असंच बोलते. वयानं बाबांपेक्षा मोठी, उंचीनं माझ्या खांद्याला, आणि जीभ अशी की सलूनवाले काका म्हणतात, वस्तरा माझ्याकडे आहे पण धार हिच्याकडे. मला 'भोंगा' हे नाव तिनंच ठेवलंय. या वर्षी शाळेत सगळ्या वर्गांसमोर मी वादळांवर बोलले. त्याआधी मला कोणी साधी वेळ विचारली तरी मी घड्याळच पुढे करायचे. पण त्या दिवशी माईकवर स्वतःचा आवाज ऐकला आणि मला तो जाम आवडला. तेव्हापासून मी थांबत नाही. का थांबू?

तर मला जे त्या दिवशी शाळेत सांगता आलं ते मला घरात सांगता येईना, ही खरी चीड. सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलंय: वादळ म्हणजे वारा. शब्दातच वारा ऐकू येतो त्यांना. म्हणून सगळे छताकडे धावतात, दगड ठेवतात, दोर बांधतात, बोल्ट आवळतात. अरे, पण वादळ सुरू कशानं होतं? पाण्यानं. समुद्र खोलवर तापतो. तापलेल्या पाण्याची वाफ होते, ती वर चढते, वर थंडी लागली की तिचे ढग होतात, आणि ढग होताना तिनं समुद्रातून आणलेली सगळी उष्णता तिथं वर सोडून देते. त्या उष्णतेनं हवा आणखी वर उसळते. खाली समुद्रावर हवा विरळ पडते, दाब उतरतो. मग आजूबाजूची हवा ती जागा भरायला धावते, येताना आणखी वाफ घेऊन येते, ती वर चढते, आणखी ढग, आणखी उष्णता. पृथ्वी फिरते म्हणून ही धावणारी हवा सरळ येत नाही, वळते, आणि सगळं प्रकरण गरगरायला लागतं. खाली कोमट पाणी मिळत राहिलं की ते वाढतच जातं. वारा हा त्यातला नंतरचा भाग.

आणि किनाऱ्याजवळ आल्यावर हाच वारा समुद्राला ढकलतो. खोल समुद्रात ढकललेलं पाणी खालून निसटून जातं. पण आमचा किनारा उथळ आहे, दूरपर्यंत चालत गेलं तरी पाणी छातीला लागत नाही. निसटायला जागाच नाही. मग पाणी जातं कुठं? वर. त्यात खाडी म्हणजे नरसाळं, तोंडाशी रुंद आणि आमच्या गल्लीपाशी अरुंद. ती लाट नसते. लाट येते आणि जाते. हे पाणी येतं आणि चढत राहतं. कोणी समुद्राची कड धरून उचलावी तसं.

हे सगळं मी जेवताना बाबांना सांगितलं. भूगोलाच्या बाईंनी यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. बाबांनी आणखी भात वाढून घेतला आणि विचारलं की मग त्यांनी काय करावं, समुद्राला झाकण लावावं का.

मी म्हटलं, "समुद्राला नको. छताला दार लावा. आतून उघडणारं. प्रत्येक बैठ्या घराला."

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी आईकडे पाहिलं, मुलीला ताप आहे का विचारल्यासारखं. मग म्हणाले, "छताला भोक पाडू?"

मी म्हटलं भोक नाही, दार. ते म्हणाले पत्र्यात दार नसतं, पत्र्यात भोकच असतं, आणि आयुष्यभर ते लोकांची भोकं बुजवत आलेत. पाऊस कुठून येतो? भोकातून. वारा पत्रा कुठून उचलतो? भोकातून, कडेतून, फटीतून. बोट शिरेल एवढी फट वाऱ्याला पुरते, मग तो आत शिरून अख्खं छत फुग्यासारखं वर फेकतो. उद्या लोक म्हणतील, न उडणाऱ्यांची पोरगी आली आणि छतं उडायला लागली. 

हे त्यांचं अगदीच चूक नव्हतं, वाऱ्याबद्दल ते बरोबर बोलत होते. म्हणूनच तर मला जास्त राग आला. मी विचारलं की आत्याच्या छताला आतून ओरखडे आहेत ते त्यांनी पाहिलेत का. बाबांनी ताट बाजूला सारलं. आई मला म्हणाली, "पुरे." म्हणजे पाहिले होते. त्यांनी ते ओरखडे पाहिले होते आणि तरीही ते लोकांना सांगत फिरत होते की एक पत्रा हलला नाही. मी ताट उचललं आणि इतक्या जोरात आपटलं की आमटी भिंतीवर गेली. ती मलाच पुसावी लागली, ते वेगळं.

दोन-तीन आठवडे असेच गेले. बाबा छतांवर, मी शाळेत, आत्या मशीन उघडून रॉकेलनं एकेक चाक पुसत बसलेली. तिनं ते खारट झालेलं मशीन पुन्हा चालू केलं, हे मात्र मानलं मी तिला. आणि मग बातम्यांत आलं की दूर समुद्रात पुन्हा कमी दाबाचा पट्टा तयार झालाय. मी मोबाईलवर उपग्रहाची चित्रं बघायचे. आधी विस्कटलेल्या कापसासारखे ढग. मग त्यांना वळण पडलं. मग शेपूट आली. भूगोलाच्या बाई म्हणाल्या की पाणी अजून तापलेलंच आहे, हे वाढू शकतं, आणि एकाच हंगामात एकाच जागी दोनदा येऊ नये असा काही नियम नाही. 

मी बाबांना पुन्हा म्हटलं. ते म्हणाले हाताला वेळ नाही. मी आत्याला म्हटलं. ती म्हणाली, "छताला दार केलं तर घंटी कुठं लावायची? पाहुणे वरून आले तर चहा वर द्यायचा का?" बाहेर बसलेले सगळे हसले. काका तर होडीला धरून हसत होते.

मग मी वर्कशॉपमधून शिडी, ग्राइंडर आणि लांब वायरची गुंडाळी घेतली. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती. बाबा पलीकडच्या वस्तीत कामावर. आत्याच्या खिडकीच्या गजांमधून वायर आत टाकली, प्लग लावला आणि तिला कळायच्या आत छतावर. खालून ती ओरडायला लागली की माकडा खाली उतर. मी ग्राइंडर चालू केला. पत्रा कापताना जो आवाज येतो ना, तो मला जन्मापासून नकोसा वाटायचा. त्या दिवशी तो माझ्या मनातलाच वाटला. ठिणग्या उडत होत्या, बाह्या जळत होत्या, खाली अख्खी गल्ली जमलेली, आणि मी कापत होते. चारही बाजू कापून झाल्यावर तो तुकडा आत पडला, थेट आत्याच्या इस्त्रीच्या टेबलावर. मग त्या भोकातून आत्याचा चेहरा वर आला नाही, पण आवाज आला. काय म्हणाली ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कोणीतरी बाबांना फोन केलाच. ते आले, शिडी चढले. मला वाटलं आता कानाखाली बसणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते त्या भोकाशी उकिडवे बसले आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या अंगावर थुंकलंय.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

मी म्हटलं, दार.

"हे दार? पन्हळीच्या मधोमध कापलंयस. पाऊस आला की वरचं सगळं पाणी या पन्हळीतून सरळ आत. आणि हा कोपरा बघ, कुत्र्यानं चावल्यासारखा. आणि उताराला एवढं खाली कोण पाडतं? भोक पाडायचं तर आढ्याला लागून पाडायचं, वरून पाणी यायला जागाच नको. कडेला चौकट उभी पाहिजे, टाचेएवढी उंच. झाकण चौकटीवरून खाली उतरलं पाहिजे, डब्याच्या झाकणासारखं. कडी आत. बिजागऱ्या वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे वारा झाकण दाबेल, उचलणार नाही." असं म्हणत म्हणत ते थांबले. मी काहीच बोलले नाही. मला जमतं कधीकधी.

त्यांनी माझ्या हातातून ग्राइंडर हिसकावून घेतला. "नालायक काम," ते म्हणाले. "माझ्या छतावर असलं नालायक काम."

त्या दिवशी त्यांनी माझं भोक बुजवलं आणि आढ्याला लागून दुसरं पाडलं. दात ओठ खात, माझ्याशी एक शब्द न बोलता. फक्त "स्क्रू", "वॉशर", "धर", "अशी नाही". चौकट केली, झाकण केलं, रबर लावलं, खालून तुळईपर्यंत लोखंडी पायऱ्या मारल्या. मग बादल्या भरभरून पाणी ओतलं. थेंब आत आला नाही. मग झाकणावर उभे राहून नाचले, पण रागारागानं.

आत्याला चढायला लावलं. तिनं आधी गुडघे, मग साडी, मग वय अशी कारणं सांगितली आणि मग चढली. झाकण धाडकन उघडलं आणि आढ्याच्या बाजूनं तिचं डोकं बाहेर आलं. ती चारही दिशांना बघत राहिली. मग म्हणाली, "अगंबाई, सलूनच्या छतावर माझी चादर आहे. आणि मी समजत होते समुद्रानं नेली."

सगळी गल्ली हसली, मीपण. बाबा सोडून सगळे. मी त्या दिवशी स्वतःवर इतकी खूश होते की काही विचारू नका. 

तिथंच माझं चुकलं म्हणा, किंवा आत्या ही आत्या आहे म्हणा. आठवड्यानं वादळ किनाऱ्याकडे वळलं. सकाळपासून इशारा देणारी सरकारी गाडी फिरत होती, किनाऱ्यालगतच्या सगळ्या बैठ्या घरांनी टेकडीवरच्या शाळेत जावं म्हणून. या वेळी आम्हीपण निघालो होतो, कारण मागच्या पाण्यात आमच्या खालच्या भिंतींना भेगा पडल्या होत्या. आईनं पिशव्या भरल्या. बाबा आत्याला आणायला गेले आणि एकटेच परत आले. तोंड वेडंवाकडं करून.

"ताई येत नाही म्हणते," ते म्हणाले. "म्हणते, आता दार आहे ना."

मला पहिल्यांदा ते कळलंच नाही. मग कळलं आणि माझ्या कानातून वाफ निघाली. मी धावत गेले. आकाश पिवळट झालं होतं, वारा थांबून थांबून येत होता, खाडीचं पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं, आणि आत्या मशीनवर बसून बाही शिवत होती. शांतपणे. खिळ्याला पाण्याची बाटली अडकवलेली, तुळईवर उशी बांधलेली. उशी! वर जाऊन बसायची सोय करून ठेवली होती तिनं, गच्चीवर हवा खायला जावं तशी.

मी तिला म्हटलं की ते दार सगळं फसल्यावरचं आहे. घरात राहायचा परवाना नाही तो. वर जाऊन बसशील आणि मग? वाऱ्यात छतावर बसणार? पाण्यातून झाडं येतात, होड्या येतात, लोखंडाचे तुकडे येतात. ती म्हणाली की मागच्या वेळी मशीन सोडलं नाही म्हणून ते वाचलं, नाहीतर गाळात गेलं असतं. शाळेत नेता येत नाही, एवढं जड आहे, आणि तिच्याकडे लोकांचे कपडे आहेत. आणि हसून म्हणाली, "भोंग्या, तूच म्हणालीस ना दार पाहिजे? दिलं दार. आता दार वापरायचं नाही म्हणतेस. तुझं काही कळत नाही बाई."

मी माझ्या आयुष्यात एवढी कोणावर चिडले नव्हते. म्हणजे मीच. माझ्याच दारामुळे ही बाई मरायला तयार होऊन बसली होती, आणि वरून उशी. बाबा दारात उभे होते. त्यांनीपण एकदा वर त्या झाकणाकडे पाहिलं, आणि मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं की त्यांनाही वाटतंय, चालेल कदाचित. केलंय तर चांगलं. टिकेल. त्या क्षणी मला त्या दोघा भावंडांना एकाच पिशवीत घालून टेकडीवर न्यावंसं वाटलं.

मी इस्त्रीच्या टेबलावर चढून बसले. मांडी घालून.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी पण इथेच."

आत्या म्हणाली नाटकं करू नकोस. मी गप्प. बाबा म्हणाले ऊठ. मी गप्प. मी गप्प बसले की घरात सगळ्यांना भीती वाटते, कारण ते फार कमी वेळा होतं. आई आली, तिनं परिस्थिती पाहिली आणि मला ओढायला लागली. मी टेबलाची कड धरली. मी म्हटलं की आत्याला तिचं दार पुरेसं आहे तर मलापण पुरेसं आहे, त्यात दोघी मावतो, मी मोजलंय. बाबांनी आवाज चढवला. मग आईनं एकदम ओढायचं सोडलं. ती माझ्याकडे नाही, आत्याकडे वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, ही उठणार नाही. तुम्हाला माहितीये ही कोणावर गेलीय ते."

आत्यानं शिवण थांबवलं. बाही मशीनखालीच होती. बाहेर पाणी गल्लीत शिरल्याचा आवाज आला, मोठा नाही, कोणी सतरंजी ओढावी तसा. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माया बिया काही नव्हती हो. शुद्ध संताप. 

"ऊठ," ती म्हणाली. "ऊठ म्हणते ना, मेले. येते मी." आणि दोरा दातानं तोडला.

टेकडीपर्यंत ती मला शिव्या देत आली. पाणी घोट्याशी, मग पोटऱ्यांशी, वारा तोंडावर, आणि तिचं चालूच. मी हडळ, मी सूड घ्यायला जन्मलेली, मी तिच्या धंद्याची वाट लावली. शाळेत माझ्याच वर्गात आम्हाला जागा मिळाली, आणि तिथं ती माझ्याकडे पाठ करून बसली. भूगोलाच्या बाई भिंतीपलीकडे लोकांना जागा करून देत होत्या. दुपारभर खिडक्यांची कागद चिकटवलेली तावदानं थरथरत होती आणि मी भिंतीवर लावलेलं माझ्याच भाषणातलं जुनं चित्र बघत होते, कमी दाब, बाण, बाण, बाण.

पाणी ओसरल्यावर आम्ही खाली आलो. गल्लीचं टोक मोकळं दिसत होतं, म्हणून लांबूनच कळलं. आत्याचं घर नव्हतं. मागच्या पाण्यानं भिंतींचा पाया आतून खाल्ला होता, या पाण्यानं तो काढून घेतला. चारही भिंती बाहेरच्या बाजूला पडल्या होत्या आणि छत होतं तसंच्या तसं खाली बसलं होतं, जमिनीवर ठेवलेल्या टोपीसारखं. सगळे बोल्ट जाग्यावर. आढ्याजवळ बाबांचं झाकण, बंद, कडी आतून लावलेली. त्याखाली कोणी असतं तर.

सलूनवाले काका म्हणाले, "पण छत बघा काय—" आणि बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथंच राहिलं. 

आता बाबांकडे कोणी आलं की ते आधी विचारतात, भिंती कसल्या आहेत, पाणी आलं तर कुठं जाणार. लोकांना राग येतो. एक बाई म्हणाली, मी पत्रा घालायला आलेय, मुलीचं लग्न ठरवायला नाही. बाबा म्हणाले की वर जायचा जिना आणि दार दोन्ही करून देईन, पण गाडी फिरली की घर सोडायचं, आणि हे कबूल नसेल तर दुसरा पत्रेवाला बघा. काही जण बघतात दुसरा. बघू देत.

आत्या आमच्याकडे वरच्या खोलीत राहते आणि माझ्याशी बोलत नाही. काय बोलायचं असेल ते बाबांमार्फत. मशीन अजून त्या छताखाली अडकलंय. काल आम्ही ते काढायला गेलो. मी पत्रा कापत होते आणि ती शेजारी उभी राहून बाबांना सांगत होती की त्या भोंग्याला सांग, हात सरळ ठेव म्हणावं, आणि घाई कसली आहे, मशीनवर घालशील चाक. मी बाबांना म्हटलं, तिला सांगा लांब उभी राहा म्हणावं, ठिणग्या उडतात. ती लांब गेली नाही. बाबा मध्ये उभे राहून दोघींचा निरोप दोघींना देत होते आणि वैतागत होते. मी ग्राइंडर चालू केला तरी तिचं तोंड चालूच होतं, ऐकू काही येत नव्हतं, पण माझ्याबद्दलच होतं, आणि खूप वेळ चाललं.